आठ जणांची भिशी

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की राखण करत बसावंच लागतं. यंदा कावळे हाकलता हाकलता लक्षात आलं, चिमण्या फारशा आल्याच नाहीत. शेजारच्या काकूही म्हणाल्या, "कमीच झाल्यात बाई!" पण किती कमी? कधीपासून? दोघींनाही सांगता येईना. आपण कधी लिहूनच ठेवलं नाही.

ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांची ही गोष्ट. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आठ हौशी माणसं जमली. महिन्यातून एकदा भेटायचं, काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, एवढंच ठरलं. आपल्या भिशीसारखंच की! तीच पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी झाली. मारलेल्या एका चिमणीची जात विचारायला लहानपणी तिथे गेलेले सालिम अली पुढे थोर पक्षितज्ज्ञ झाले.

त्या आठांत दोघे आपले मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्मारामांची लेक अन्नपूर्णा म्हणजे तरुण रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी बोलायला शिकवणारी. सखारामांची सावत्र लेक रखमाबाई. लहानपणी लावून दिलेलं लग्न मानायला तिनं कोर्टात नकार दिला आणि पुढे ती डॉक्टर झाली. घरात अशा लेकी, तरी त्या आठांत बाई एकही नव्हती!

आजही पक्षी बघायला पहाटे निघावं लागतं. आपली पहाट मात्र नळाच्या पाण्यात आणि डब्यात जाते. पण मैत्रिणींनो, अंगणातला बुलबुल, बाभळीवरची सुगरण, पेरणीआधी ओरडणारा पावशा रोज आपल्यालाच दिसतो, ऐकू येतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आपल्या वाडग्यावर कोणकोणती पाखरं आली, हे कुणी लिहिलं असतं, तर आज केवढं कामाला आलं असतं!

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमुळे ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा २०२० पासून राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. नांदेडच्या गोदाकाठी असो की लातूरच्या गल्लीत, चौघी जमा. भिशीच्या वहीची मागची पानं कोरीच असतात. त्यावर तारीख, पक्षी आणि संख्या, एवढंच लिहा.

मी पहिली ओळ लिहिली आहे : चिमण्या, तीन.