कानामागची वाट

"पलीकडून कुणी बोलतच नाही मेलं!" असे म्हणून सौ.ने फोन माझ्या हाती दिला. मी कानाला लावला, तर तिची धाकटी बहीण खणखणीत आवाजात पुरणाचे प्रमाण विचारत होती!

ही २०१६ सालची गोष्ट. पुढे ध्यानात आले की, उजव्या कानाला लावला की फोन बोलका आणि डाव्याला लावला की मुका. आम्ही तेल घालून पाहिले. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेलो, त्यांनी मळ काढला आणि वयाकडे बोट दाखविले. सहा महिन्यांनी चालताना तिचा तोल जाऊ लागला, तेव्हा कुठे एम. आर. आय. झाला. कानाच्या आत, मेंदूच्या अगदी उंबरठ्यावर, बोराएवढी गाठ!

गाठ कर्करोगाची नव्हती. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून निघणारी आणि सावकाश वाढणारी. पण जागा मोठी अवघड! हाडातल्या जेमतेम सेंटीमीटरभर नळीतून ऐकण्याचा, तोलाचा आणि चेहरा हलविणारा असे तिन्ही मज्जातंतू खेटून जातात. अशा काही गाठींवर नुसती नजर ठेवतात, काहींवर किरण सोडतात. हिची काढणेच बरे, असे ठरले.

"कानामागून हाडातून जाऊ," शस्त्रवैद्य म्हणाले. "डावा कान मात्र कायमचा जाईल. चेहरा वाचविण्याची शिकस्त करू."

सौ.ने एकच विचारले, "म्हणजे मला हसता येईल ना?"

डॉक्टर गप्प राहिले. त्या गप्प राहण्यानेच मला पुस्तकांकडे ढकलले. निवृत्त कारकून मी, वैद्यकातले काय कळणार? तरी वाचत सुटलो.

जुना इतिहास वाचून घाम फुटला. आरंभीच्या काळात या शस्त्रक्रियेतून फार थोडे रोगी वाचत. अमेरिकेच्या हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. ते गाठ आतून पोखरीत आणि साल तशीच ठेवीत. रोगी जगू लागले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढे. वॉल्टर डँडी यांनी सालीसकट गाठ काढून दाखविली, पण तोंड बहुधा वाकडे होऊन बसे.

मग भेटले लॉस एंजेलिसचे विल्यम हाऊस. जन्म १९२३. वडील दंतवैद्य, हेही आधी दंतवैद्यच! पुढे डॉक्टरी शिकून ते सावत्र भाऊ हॉवर्ड यांच्याबरोबर कानाचे काम करू लागले. दात कोरणाऱ्या हाताला ड्रिलची सवय होतीच. शिवाय जर्मनीच्या झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक १९५३ पासून मिळू लागला होता. मृतदेहांच्या हाडांवर सराव करून हाऊस यांनी वाट शोधली. कानामागचे हाड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ असते. त्याच्या आत खडकासारखे कठीण हाड. ते तोलाच्या नळ्यांसकट कोरीत गेले की, मेंदूला फारसे न दाबता गाठीपाशी पोचता येते. चेहऱ्याचा मज्जातंतूही हाडातच आधी ओळखता येतो. तिथे हाडाची एक चिमुकली उभी पट्टी असते. तिला जगभरचे शस्त्रवैद्य आजही विल्यम हाऊस यांच्या नावावरून 'बिलचा बार' म्हणतात.

मेंदूच्या शस्त्रवैद्यांना हे रुचणे कठीणच होते. कानाचा डॉक्टर तो, कानामागून आला आणि तिखट झाला! पण विल्यम हित्सेलबर्गर हे मेंदूचे शस्त्रवैद्य हाऊस यांच्या जोडीला उभे राहिले आणि १९६४ साली या पद्धतीची हकीकत छापून निघाली.

कानातल्या विकाराने चक्कर येऊ लागल्यामुळे अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांचे उड्डाण बंद झाले होते. १९६८ साली खोटे नाव घेऊन ते हाऊस यांच्याकडे शस्त्रक्रियेला आले आणि १९७१ साली चंद्रावर चालून आले. नातवाला मी एवढाच भाग सांगतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक वाटते. ज्या माणसाने 'जीव हवा तर कान द्या' असा सौदा रोग्यांपुढे ठेवला, तोच उरलेला जन्म बहिऱ्यांना कान देण्यासाठी झटला. पॅरिसमध्ये ज्यूर्नो व एरिएस यांनी १९५७ साली विजेच्या तारेने बहिऱ्या माणसाला आवाजाची जाणीव करून दिली होती. त्याचे कात्रण एका रोग्याने हाऊस यांना आणून दिले. १९६१ साली त्यांनी कानाच्या शंखात तार बसविली. शरीराने ती स्वीकारली नाही, काढावी लागली. विजेने बोलणे ऐकू येणे शक्यच नाही, असे विद्वान ठासून सांगत होते. जॅक अर्बन या अभियंत्याच्या मदतीने हाऊस यांनी पुन्हा आरंभ केला आणि १९८४ साली अमेरिकी सरकारने यंत्राला मान्यता दिली. एकाच तारेचे ते यंत्र पुढे अनेक तारांच्या यंत्रांपुढे मागे पडले. हाऊस यांनी पेटंट घेतले नाही.

काहींना दोन्ही बाजूंना अशा गाठी होतात आणि ऐकण्याचे दोन्ही मज्जातंतू जातात. अशांपैकी एका रोग्याच्या मेंदूच्या देठावरच हाऊस आणि हित्सेलबर्गर यांनी १९७९ साली तार बसविली!

२०१२ साली हाऊस वारले. वय ८९.

आमची शस्त्रक्रिया नऊ तास चालली. हाडातली पोकळी बुजवायला तिच्याच पोटावरची चरबी घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा."

तिने दाखविले. डावी बाजू किंचित उशिराने आली, पण आली.

"पोटावरची अजून थोडी काढून नेली असती तरी चाललं असतं," असे म्हणून ती हसली.

आता फटाका उडाला की कोणत्या बाजूला उडाला, हे तिला कळत नाही. रस्त्याने चालताना मी तिच्या उजवीकडे असतो.