टर्बो बसविण्यापूर्वी इंजिनाचा जमाखर्च मांडा

गाडीला टर्बो बसविला की ताकद वाढते, एवढे आज गॅरेजमध्ये पाने उचलून देणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. परंतु ती ताकद येते कोठून आणि तिची किंमत इंजिनाचा कोणता भाग मोजतो, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आयटीआय करून मोटार दुरुस्तीच्या धंद्यात शिरली आहेत. परदेशातील गाड्यांची चलचित्रे मोबाईलवर पाहून त्यांच्याही हाताला खाज सुटते. उत्साहाला आमचा विरोध नाही. मात्र गिऱ्हाईकाचे इंजिन फुटले की भरपाई बहुधा पोराच्याच पगारातून कापली जाते. तेव्हा हात घालण्यापूर्वी डोके घालणे बरे.

आम्ही पेशाने कारकून, इंजिनिअर नव्हे. पण जमेच्या बाजूला एक आकडा आला की नावे बाजूला दुसरा येतोच, ही शिस्त वाणिज्य शाखेने आम्हाला लावली. तीच शिस्त येथे उपयोगी पडते. उदाहरण म्हणून जर्मनीतील एक प्रसिद्ध गाडी घेऊ.

गोल्फ जीटीआयची गोष्ट

मागचा दरवाजा वर उघडणारी छोटी कौटुंबिक गाडी म्हणजे हॅचबॅक. तिच्यात जोरकस इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन बसविले की तिला युरोपात ‘हॉट हॅच’ म्हणतात. महागडी स्पोर्ट्स गाडी न परवडणाऱ्या नोकरदाराला आठवडाभर कामावर नेणारी आणि रविवारी मौज देणारी ही गाडी. फोक्सवॅगन कंपनीने गोल्फ जीटीआय १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली आणि १९७६ पासून विकावयास काढली. इंजिन १५८८ सीसी, शक्ती ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. आरंभी कंपनीचा बेत अवघ्या ५,००० गाड्यांचा होता. मागणी मात्र लाखांच्या घरात गेली. १९८२ साली तिला १७८१ सीसीचे, ११२ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. आपला हिशेब याच इंजिनाचा.

हौशी मालक या इंजिनात पुढील फेरफार करीत आले आहेत. हेड घासून हवेची वाट मोठी व गुळगुळीत करणे, हेड तासून कॉम्प्रेशन वाढविणे, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घालणे आणि लांब नळ्यांचा चौपदरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसविणे. एवढे करूनही समाधान होत नाही, तेव्हा टर्बोचा विचार येतो. आणि खरी मेख येथेच आहे. टर्बोविना ताकद वाढविण्यासाठी जे जे केले, त्यातील बरेचसे टर्बोच्या आड येते. अशा इंजिनाला टर्बो लावणे म्हणजे नुसती भर घालणे नव्हे. आधी केलेल्या खर्चातील काही भाग अक्कलखाती टाकणे आहे.

हवेचा हिशेब

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण त्याची मर्यादा हवा ठरविते. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेते. म्हणजे १७८१ सीसीचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या मारताना, सिलिंडर काठोकाठ भरले असे धरले तरी, मिनिटाला सुमारे ५,३४० लिटर हवा ओढील. तिचे वजन साधारण ६.४ किलो आणि तिला पुरणारे पेट्रोल सुमारे ४३५ ग्रॅम. याहून जास्त पेट्रोल ओतले तर धूर निघेल, ताकद निघणार नाही.

टर्बो नेमके हवेचेच काम करतो. बाहेर फुकट जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

आता जमेची बाजू तपासू. हवेचा दाब अर्ध्या बारने वाढविला, म्हणजे वातावरणाच्या दीडपट केला. मग हवा ५० टक्के जास्त मिळाली का? नाही. सायकलचा पंप मारताना नळी तापते, तशी दाबलेली हवाही तापते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असेल आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा ८० अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून ५० टक्क्यांऐवजी पदरात पडतात सुमारे २८ टक्के. मध्ये इंटरकूलर बसवून हवा ४५ अंशांपर्यंत उतरविली, तर हा आकडा ४३ टक्क्यांच्या आसपास जातो. इंटरकूलर ही शोभेची वस्तू नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नावे बाजूची पहिली नोंद : कॉम्प्रेशन

या जीटीआय इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशन १० ला १. सर्वसाधारण सूत्राने पाहिले तर टर्बोविना पिस्टन वर येताना सिलिंडरातील दाब वातावरणाच्या सुमारे २० पट होतो. त्याच इंजिनात दीडपट दाबाची हवा भरली तर तो ३० पटीवर जातो. एवढ्या दाबाने व उष्णतेने पेट्रोलचे मिश्रण ठिणगीने लागलेली आग पोहोचण्याआधीच ठिकठिकाणी आपणहून पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो आणि आत पिस्टनचा माथा व रिंगांमधली धार तुटू लागते. कॉम्प्रेशन ८ ला १ केले तर तोच आकडा सुमारे २२ वर येतो, म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळपास.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. बीएमडब्ल्यूने २००२ टीआयआय या गाडीचे इंजिन १९७३ साली टर्बोवर नेले, तेव्हा कॉम्प्रेशन ९.५ वरून ६.९ वर उतरविले आणि शक्ती १३० वरून १७० अश्वशक्ती झाली. म्हणून हेड तासून ज्याने कॉम्प्रेशन वाढविले, त्याला प्रथम खोलगट माथ्याचे पिस्टन घालून ते उतरवावे लागते. नुसते जाड गॅस्केट घालून भागविण्याची युक्ती स्वस्त खरी. पण त्यामुळे पिस्टन व हेड यांमधली फट वाढून हवेची घुसळण मंदावते आणि नॉकिंग टळण्याऐवजी त्यास मदत होऊ शकते.

दुसरी नोंद कॅमशाफ्टची. जोरकस कॅमशाफ्टमध्ये आत घेणारा व बाहेर टाकणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे असतात. साध्या इंजिनात बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला ओढून घेतो, म्हणून ते हिताचे ठरते. टर्बो बसला की धुराच्या वाटेत अडथळा उभा राहतो. तेथील दाब वाढून धूर उलट सिलिंडरात शिरतो. म्हणून बहुधा कंपनीचा मूळ, सौम्य कॅमशाफ्टच परत घालणे शहाणपणाचे.

तिसरी नोंद मॅनिफोल्डची. लांब पातळ नळ्या निरुपयोगी. टर्बोचे वजन आणि लालभडक होणारी उष्णता सोसणारा आखूड बिडाचा मॅनिफोल्ड हवा. पूर्वीच्या खर्चापैकी हेडमधील मोठी केलेली वाट तेवढी कामी येते.

तेल, पेट्रोल आणि ठिणगी

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला स्वच्छ तेल सतत मिळाले पाहिजे. परतीची नळी रुंद, उतरती आणि वळणाविना असावी, कारण ते तेल केवळ आपल्या वजनाने खाली येते. जोरात चालवून आणलेली गाडी लगेच बंद केली तर तापलेल्या टर्बोत अडकलेल्या तेलाचा कोळसा होतो. म्हणून एखाद-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे.

हवा वाढली तर पेट्रोलही त्याच मानाने वाढले पाहिजे; पूर्ण भारावर तर मिश्रण नेहमीहून थोडे दाट लागते. पंप किंवा इंजेक्टर अपुरा पडला की मिश्रण पातळ होते आणि काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो. ठिणगीची वेळही दाब वाढेल तशी मागे घ्यावी लागते. दाबावर लगाम ठेवणारा वेस्टगेट नावाचा पडदा असतो. त्याची छोटी रबरी नळी निसटली तर दाब बेफाम वाढतो. पाच-पन्नास रुपयांच्या नळीपायी लाखाचे इंजिन जाते, ते असे.

इंजिन सांभाळले तरी हिशेब मिटत नाही. ताशी १०० वरून १४० किलोमीटरवर गेलेल्या गाडीची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट होते आणि ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. क्लच आणि गिअरबॉक्स यांचेही तसेच. ज्याने पैसे इंजिनावर संपविले आणि ब्रेक तसेच ठेवले, त्याने स्वतःचाच नव्हे तर रस्त्यावरच्या पादचाऱ्याचाही जीव गहाण टाकला.

कंपनीने काय केले?

फोक्सवॅगनलाही दाबाची हवा हवी होती. तिने टर्बोऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा ‘जी-लेडर’ नावाचा पंप निवडला. त्याच्या आतील चक्राकार रचनेचे मूळ पेटंटही १९०५ चेच, फ्रान्सच्या लेओं क्रू यांचे. हा पंप १९८८ साली कोराडो जी-६० या गाडीत व नंतर गोल्फमध्ये आला. सीसी तीच, १७८१. परंतु कॉम्प्रेशन १० वरून ८ वर, सोबत इंटरकूलर, मजबूत गिअरबॉक्स आणि मोठ्या ब्रेक डिस्क. शक्ती १६० अश्वशक्ती. पुढे या पंपाचे सील झिजू लागले, तेव्हा अनेक मालकांनी तो काढून टर्बो बसविला, आणि हे रूपांतर त्यांना सोपे गेले. कारण उघड आहे. नावे बाजूच्या बऱ्याच नोंदी कंपनीने आधीच फेडून ठेवल्या होत्या.

यावर एखादा चौकस मुलगा विचारील, ‘आपल्या पुणे जिल्ह्यातील चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये टर्बो होता, तरी कॉम्प्रेशन १० ला १ होते; ते कसे?’ प्रश्न उत्तम आहे. २०१३ साली आलेल्या त्या १२०० सीसीच्या, १०५ अश्वशक्तीच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई. ते वाफ होताना आतील हवा थंड करते. शिवाय नॉकिंग ऐकणारा सेन्सर व संगणक क्षणाक्षणाला ठिणगीची वेळ सांभाळतात. जुन्या गोल्फमध्ये थेट फवारणी नाही. म्हणून आकडा उचलावयाचा तर त्यामागचे कारणही उचलले पाहिजे.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. जर्मनीत असा बदल अधिकृत तपासणीतून मंजूर करून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, कंपनीच्या मूळ तपशिलाहून नोंदणीतील तपशील वेगळा होईल असा फेरफार करता येणार नाही. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला आपल्या मनाने टर्बो बसविणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची कंपनीही हात वर करू शकते.

मग हे सारे शिकून उपयोग काय? उपयोग आहे. आज रस्त्यावर कंपनीनेच टर्बो बसविलेल्या डिझेल व पेट्रोल गाड्या मुबलक आहेत आणि त्या दुरुस्तीला आपल्याच मुलांच्या हाताखाली येतात. तेलाची नळी का तुंबली, इंटरकूलरची जोडणी सुटल्यावर ताकद का गेली, पिस्टनची धार का तुटली, हे ज्याला कारणासह सांगता येते तो पाने उचलून देणारा राहत नाही. गिऱ्हाईक त्याचे नाव विचारीत येते. तरुण मित्रांनो, उस्ताद सांगतो म्हणून करू नका आणि चलचित्रात दिसले म्हणूनही करू नका. वही घ्या, मधोमध रेघ मारा, एका बाजूला मिळणारे आणि दुसऱ्या बाजूला द्यावे लागणारे लिहा. दोन्ही बाजू जुळल्यावरच पाना हातात घ्या.