दाराबाहेर कोण उभं आहे?

१९३४ च्या जुलैमध्ये अर्कान्सॉ राज्यात टायरोंझा गावाजवळ, कापसाच्या शिवारातल्या एका शाळेत १८ माणसं जमली. ११ गोरी, ७ काळी. बहुतेक सगळी अर्धेलीनं कापूस पिकवणारी. वर्षभर मालकाच्या दुकानातून उधारीवर जिन्नस न्यायचे आणि हिशेबाच्या दिवशी पुन्हा देणेकरीच ठरायचं, अशी त्यांची रीत. त्यात नवं संकट आलेलं. कापसाचे भाव सावरावेत म्हणून रूझवेल्ट सरकार लागवड घटवणाऱ्या जमीनमालकांना पैसे देऊ लागलं होतं. कुळांचा वाटा कुळांपर्यंत पोचवण्याचं काम मालकांकडेच! अनेकांनी तो खिशात घातला, आणि कसायला जमीन कमी उरली म्हणून कुळांना खोपटांतून बाहेर काढलं.

त्या रात्री खल झाला तो एकाच प्रश्नावर: संघटना एक करायची, की गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी? तेव्हा एक म्हातारा काळा शेतकरी उठला. १९१९ मध्ये त्याच राज्यात, एलेनजवळ, काळ्या कुळांनी संघटना बांधली होती आणि गोऱ्यांच्या टोळ्यांनी कत्तल करून ती बुडवली होती. त्या संघटनेत तो स्वतः होता. आपण आपसात भांडतो आणि मार दोघंही खातो, असं त्याचं म्हणणं. ते पटलं. सदर्न टेनंट फार्मर्स युनियन ही दोघांची मिळून एकच संघटना झाली, आणि पुढच्याच वर्षी ऐन वेचणीत संप करून तिनं मजुरी वाढवून घेतली.

अमेरिकेतल्या कामगार चळवळीबद्दल वाचताना मला ही गोष्ट कळल्यापासून एक खोड लागली आहे. संपाची गोष्ट आली, की दाराबाहेर कोणाला ठेवलं होतं ते मी आधी बघतो. ‘नाइट्स ऑफ लेबर’ ही १८८६ च्या सुमारास सात लाख सभासदांची अवाढव्य संघटना. बायका चालत, काळे कामगार चालत. चिनी मात्र चालत नसत. १८८५ मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथं गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगार मारले; मारणाऱ्यांत या संघटनेचे सभासद होते. त्यानंतर जोर धरलेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरनं कुशल कारागिरांभोवती कुंपण घातलं.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळाची भीती. त्याच खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हे संपसमितीच्या तोंडावर मांडलं, तेव्हा कुठे हा मज्जाव उठवण्याची मागणी यादीत आली.

तीसच्या दशकात मात्र अमेरिकेत बांध फुटला. मोटार, पोलाद, रबर अशा धंद्यांत अख्ख्या कारखान्याची एक संघटना होऊ लागली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंट शहरातले कामगार जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ४४ दिवस ठाण मांडून बसले आणि जिंकले. त्याआधी, १९३५ मध्ये, संघटना करण्याचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आला होता. पण त्यात कामगाराची व्याख्या करताना शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत ही दोन्ही कामं मोठ्या प्रमाणात काळी माणसं करत, आणि दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांना दुखवून रूझवेल्टचं पान हलत नव्हतं. टायरोंझाची कुळं म्हणजे त्या व्याख्येबाहेरची माणसं.

या वगळण्याचं बिल तीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावी फाटलं. ८ सप्टेंबर १९६५ ला द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं. मागणी साधी: तासाला १ डॉलर ४० सेंट, आणि पेटीमागे २५ सेंट. त्यांचे पुढारी लॅरी इटलियाँग यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. फिलिपिनोंनी संप केला की मळेवाले मेक्सिकन आणतात, मेक्सिकनांनी केला की फिलिपिनो. म्हणून ते मेक्सिकन मजुरांचे पुढारी सेझार चावेझ यांच्याकडे गेले. आठवडाभरात, १६ तारखेला, गावच्या चर्चच्या सभागृहात मेक्सिकन मजुरांनीही हात वर केले. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला आणि १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. पण चावेझ यांचीच संघटना १९७४ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सरहद्दीवर गस्त घालत होती. मेक्सिकोतून विनापरवाना येणाऱ्या मजुरांना अडवायला! चावेझ यांच्या चरित्राचं कौतुक करणारे या पानावरून घाईनं पुढे जातात.

मेम्फिस शहरातल्या संपाची गोष्ट पावसापासून सुरू होते. १ फेब्रुवारी १९६८ ला दोन काळे सफाई कामगार पावसातून वाचायला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या कप्प्यात शिरले. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघे त्यात चिरडले. १२ तारखेला सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. गळ्यातल्या पाटीवर मागणी नव्हतीच, एवढंच होतं: मी माणूस आहे. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी आले आणि ४ एप्रिलला तिथंच मारले गेले. १६ एप्रिलला तडजोड झाली: संघटनेला मान्यता आणि पगारवाढ.

किंग तेव्हा याहून मोठ्या कामात गुंतले होते. काळे, मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, आदिवासी आणि अ‍ॅपलाचियाचे गरीब गोरे, सगळ्यांना वॉशिंग्टनला नेऊन रोजगार आणि उत्पन्नाची हमी मागायची. त्यांच्यामागे त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनथी यांनी ते काम पुढे नेलं. लिंकन स्मारकाजवळ प्लायवूडच्या झोपड्यांचं गाव वसलं. पाऊस थांबेना, चिखल घोट्यापर्यंत. मेक्सिकन गट तर बराचसा एका शाळेतच उतरला. सहा आठवड्यांनी, २४ जूनला, पोलिसांनी गाव उठवलं. माझ्या मते ते चिखलानं हरलं नाही. मेम्फिसला महापौर समोर होता, डेलानोला मळेवाला. वॉशिंग्टनमध्ये अमुक इतके दे, असं कोणाला म्हणायचं हेच ठरत नव्हतं.

पन्नासच्या दशकात अमेरिकेतले जवळपास एकतृतीयांश कामगार संघटनांत होते. आज दहातला एक. खासगी धंद्यांत त्याहूनही कमी. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अ‍ॅमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी संघटनेच्या बाजूनं कौल दिला, २०२३ मध्ये मोटार कामगारांनी तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप करून घसघशीत पगारवाढ मिळवली. देशाचं किमान वेतन मात्र २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलं आहे. कॅलिफोर्नियानं १९७५ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतःचा कायदा केला, आणखी काही राज्यांनीही वाट काढली. वॉशिंग्टनच्या १९३५ च्या कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार आजही वगळलेलेच आहेत.