पाळीव मांजर आणि घराचा उंबरठा



गाय, घोडा, शेळी ह्या जनावरांना माणसाने रानातून आणून दावणीला बांधले. मांजर मात्र आपण होऊन माणसाच्या दारी आले. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाली, धान्याची कोठारे भरू लागली, त्या कोठारांवर उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजर आले. सायप्रस बेटावर सापडलेल्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनाची हकीकत २००४ साली प्रसिद्ध झाली. तेथे माणसाच्या शेजारीच एक मांजर पुरलेले आढळले. त्या बेटावर रानमांजर मूळचे नसल्यामुळे कोणीतरी ते होडीतून तेथे नेले असले पाहिजे, असा विद्वानांचा तर्क आहे. तेव्हापासून माणूस आणि मांजर ह्यांच्यात एक अलिखित करार चालत आला आहे. मांजराने उंदीर मारावेत, माणसाने त्याला आसरा द्यावा, आणि त्याच्या येण्याजाण्याला कोणी हरकत घेऊ नये. ह्या करारातील शेवटचे कलम आपल्या वसई-विरारच्या भागात आज पाळण्याजोगे राहिले आहे काय, ह्याचा विचार आपण करणार आहोत.

प्रथम जुनी वसई डोळ्यांसमोर आणा. वाडीच्या मधोमध घर, घरापाशी विहीर, भोवती केळी आणि पानवेली, कुंपणापलीकडे शेजाऱ्याची तशीच वाडी, आणि मधून जाणारी बैलगाडीची वाट. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथील कोळीवाड्यांत सुकत घातलेले बोंबील आणि त्यांच्या आसपास घुटमळणारी मांजरे. अशा ठिकाणी मांजर चार वाड्या हिंडून आले तरी त्याच्या जिवाला मोठासा घोर नसे. मांजर आपली पिले सात घरे फिरवते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सातही घरे तेव्हा त्याच्या ओळखीची असत.

आता तीच भूमी पाहा. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, आणि २०११ च्या खानेसुमारीत तिच्या हद्दीत १२ लाख २२ हजारांवर वस्ती मोजली गेली. पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि बैलगाडीच्या वाटेवर दुचाक्या व रिक्षा धावू लागल्या. मांजराचा स्वभाव तोच राहिला. उंबरठ्यापलीकडची जमीन मात्र पार पालटून गेली. आज मांजरावर जी संकटे येतात, ती बहुतेक ह्या पालटातून निघाली आहेत.

पहिले संकट वाहनांचे. मांजर विशेषेकरून पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीस निघते. त्याच्या डोळ्याच्या पाठीमागे आरशासारखा एक पडदा असतो. डोळ्यांत शिरलेला उजेड तो परत फिरवितो, त्यामुळे अंधूक प्रकाशातही मांजराला दिसते. परंतु मंद उजेडासाठी घडलेल्या ह्याच डोळ्यांवर मोटारीचा प्रखर झोत आला, की ते दिपतात आणि मांजर रस्त्याच्या मधोमध थबकते. पावसाळ्यात ऊब शोधीत ते उभ्या गाडीच्या यंत्राजवळ जाऊन बसते, आणि सकाळी गाडी सुरू होताच जीव गमावते किंवा जबर जखमी होते.

दुसरे संकट कुत्र्यांचे आणि त्यांच्यापासून येणाऱ्या रेबीज रोगाचे. कुत्र्यांच्या टोळीपुढे एकट्या मांजराचा निभाव लागत नाही. चावा निभावून ते परत आले, तरी चावणारे कुत्रे पिसाळलेले असल्यास ते मांजरही पिसाळू शकते आणि घरच्या मुलाबाळांना चावू शकते. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. म्हणून कोणत्याही चाव्यानंतर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरे संकट विषाचे. उंदरांसाठी टाकलेले औषध मांजर क्वचितच खाते; परंतु ते औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर त्याला आयताच सापडतो. रक्त गोठू न देणारी जी विषे हल्ली वापरतात, ती उंदराच्या देहातून मांजराच्या देहात उतरतात. चार-सहा दिवसांनी मांजर मलूल होते, नाकातोंडातून रक्त येते, आणि कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चौथे संकट पुराचे आणि श्वापदांचे. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार हा पट्टा पाण्याखाली गेला आणि रेल्वेगाड्याही थांबल्या. अशा रात्री जे मांजर बाहेर राहिले, त्याला शोधायला कोणी कोठे जावे? पूर्वेस तुंगारेश्वराचे अभयारण्य आहे आणि तेथे बिबळ्याचा वावर आहे. २०२४ च्या मार्च महिन्याअखेरीस तर वसईच्या किल्ल्याच्या परिसरातच बिबळ्या दिसला आणि वनखात्याने त्याला पकडीपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. बिबळ्याला कुत्रे काय आणि मांजर काय, दोन्ही सारखीच.

येथे कोणी विचारील की मग उंच इमारतीत राहणाऱ्याचे मांजर तरी सुखरूप असेल? तसेही नाही. मांजर कसेही पडले तरी चार पायांवर उतरते, ही गोष्ट खरी आहे. फ्रान्समधील शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे ह्यांनी १८९४ साली पडणाऱ्या मांजराची क्रमवार छायाचित्रे घेऊन ती दाखवून दिली. मांजर आपल्या लवचीक कण्याला मध्ये पीळ देऊन आधी पुढचे धड आणि मग मागचे धड फिरविते. परंतु पायांवर पडणे म्हणजे न दुखावता पडणे नव्हे. न्यूयॉर्कच्या पशुरुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली, त्यांचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे नव्वद टक्के उपचारांनी वाचली. ह्या आकड्याने पुष्कळांना धीर येतो. पण जी जागीच मेली ती रुग्णालयात आणलीच गेली नसणार, आणि जी आली त्यांच्या छातीला, जबड्याला, पायांना इजा झालेल्या होत्या. कबुतरावर झेप घेताना मांजराला चौथ्या मजल्याचे भान राहत नाही. म्हणून सज्जाला आणि खिडक्यांना पक्की जाळी बसविल्यावाचून वरच्या मजल्यावर मांजर पाळू नये. डासांची पातळ जाळी येथे कामाची नाही. ती नखांनी फाटते.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, मांजराला कोंडले तर उंदीर कोण मारणार? घरात शिरणारे लहान उंदीर घरातले मांजरही मारील. बाहेरच्या थोराड गटारी उंदरांच्या बाबतीत मात्र मांजराची कीर्ती त्याच्या कर्तृत्वाहून मोठी आहे. न्यूयॉर्कमधील एका कचरा-केंद्रात उंदीर आणि भटकी मांजरे ह्यांच्यावर ७९ दिवस पाळत ठेवली गेली. मांजरांनी उंदीर मारण्याचा प्रयत्न तीनदा केला आणि त्यांत दोन उंदीर मेले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. उंदीर हटवायचे तर धान्य झाकावे, बिळे बुजवावीत आणि ओला कचरा उघड्यावर टाकू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वच्छंद प्राण्याला चार भिंतींत ठेवणे हे क्रौर्य नव्हे काय? ह्या आक्षेपाला हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा जसा गुन्हा मानतो, तसाच त्याला नीट हालताही येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हाही गुन्हा मानतो. तेव्हा दार लावून घेतले म्हणजे मालकाचे कर्तव्य संपले, असे नाही. खरे कर्तव्य तेथून पुढे सुरू होते. बाहेर मांजराला जे मिळत होते, ते आपण घरात उभे करून दिले, तरच त्याला आत ठेवण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशात १ जुलै २०२२ पासून जन्मलेली मांजरे मालकाच्या आवारातच ठेवावीत, असा नियम आहे. तेथेही मोकळ्या आवाराला उंच जाळी लावून मांजराला ऊन-वारा देण्याची मुभा आहे.

मांजराला बाहेर मिळते तरी काय? चढायला उंची, खाजवायला झाडाचे खोड, दबा धरायला आडोसा, पाहायला हालचाल आणि करायला शिकार. ह्यांतील प्रत्येक गोष्ट थोडक्या खर्चात घरात होते. भिंतीला एकावर एक दोन-तीन रुंद फळ्या ठोकाव्यात. लाकडी खुंटाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी, म्हणजे नखे तेथे घासली जातात व गाद्या-खुर्च्या वाचतात. पुठ्ठ्याचा रिकामा खोका हा उत्तम आडोसा होय. जाळी लावलेल्या खिडकीत बसायला जागा द्यावी. आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे दोरीला पीस किंवा चिंधी बांधून तिच्यामागे त्याला धावू द्यावे. खेळ संपताच जेवण द्यावे, कारण शिकारीनंतर खाणे आणि खाण्यानंतर झोप हा त्याचा निसर्गक्रम आहे. मांजर दिवसाचे बारा तास किंवा त्याहून अधिक झोपते, हेही ध्यानात ठेवावे.

शौचासाठी पसरट भांड्यात वाळू ठेवावी. मांजरे जितकी, त्याहून एक भांडे अधिक असावे आणि ते रोज साफ करावे. मांजराच्या विष्ठेतून येणारा टोक्सोप्लाझ्माचा जंतू बाधक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या सफाईने तो धोका पुष्कळ टळतो. तथापि गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. अन्नाविषयी सांगायचे तर दूधभातावर मांजर नीट पोसत नाही. पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना दूध पचत नाही, आणि मांस-मासळीतील काही द्रव्यांवाचून त्यांचे डोळे व हृदय अधू होते.

घरातही काही वस्तूंपासून जपले पाहिजे. ताप उतरविणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध त्याला विषासमान आहे. पुष्पगुच्छातून येणाऱ्या खऱ्या लिलीचे पान किंवा पराग पोटात गेल्यास त्याची मूत्रपिंडे निकामी होतात.

घरात राहते म्हणून लस नको, असेही समजू नये. पॅनल्यूकोपेनिया ह्या प्राणघातक रोगाचे विषाणू बाहेर कित्येक महिने टिकतात आणि आपल्या वहाणांबरोबर घरात येतात. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पशुवैद्याकडे नेऊन लसींचा क्रम सुरू करावा, आणि तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस टोचावी. पाचव्या महिन्याच्या सुमारास निर्बीजीकरण करून घ्यावे. मांजरी चार-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. बोका तर माजावर आला की कोणतीही फट शोधून पळतो. शस्त्रक्रियेनंतर दोघांचीही बाहेरची ओढ पुष्कळ कमी होते.

ज्या मांजराला बाहेरची सवय आहे, त्याला एका दिवसात कोंडू नये. आधी जेवणाची वेळ तिन्हीसांजेची ठरवावी आणि जेवण झाले की दार लावावे. रात्र आत काढण्याची सवय जडली म्हणजे दिवसाचेही तास हळूहळू वाढवावेत. काही आठवडे ते दाराशी ओरडेल. अशा वेळी दार उघडले तर ओरडल्याने दार उघडते एवढेच ते शिकेल. तेव्हा धीर धरावा आणि त्याला खेळात गुंतवावे. वाडीत ज्यांची घरे आहेत, त्यांनी मागील पडवीला जाळी लावली तर मांजराला ऊन, वारा आणि पाखरांचे बोल सारे काही मिळेल आणि पाखरेही सुरक्षित राहतील. इमारतीखालच्या ज्या मांजरांना घर नाही, त्यांना घास घालणाऱ्यांनी त्यांचे निर्बीजीकरणही मनावर घ्यावे. नाहीतर आज घातलेला घास उद्या वाऱ्यावर सुटणाऱ्या पिलांची संख्या तेवढी वाढवील.

सटवाईचे वाहन मांजर आहे, असे आपण मानतो. मुलाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी जिची पूजा करायची, त्या देवतेने हेच जनावर निवडावे, ह्यात आपल्या पूर्वजांचे मांजराविषयीचे ममत्व दिसते. तान्ह्या मुलाला आपण रस्त्यावर मोकळे सोडीत नाही आणि पाळण्यातही जन्मभर ठेवीत नाही. त्याला खेळायला निर्धास्त अंगण देतो. ज्याने आपल्या घरात मांजर आणले, त्याने त्यालाही असे अंगण द्यावे. ते दोन खोल्यांचे असले तरी चालेल. मात्र संध्याकाळी दार लावण्यापूर्वी मांजर आत आले आहे ना, हे पाहून घ्यावे.