परसात कुर्डू लावा, पण बी शेतात जाऊ देऊ नका

पावसाळ्याच्या आरंभी पडीक जमिनीत, बांधावर व खरिपाच्या पिकांत कुर्डू आपोआप उगवते. शेतकऱ्यास ते तण म्हणूनच परिचित आहे. तथापि परसबागेत योग्य निगा राखल्यास भाजी व फुले असा त्याचा दुहेरी उपयोग होतो. हे माठ व राजगिरा यांच्या कुळातील असून बागेतील कोंबडा हे फूल त्याच्याच जातीचे होय.

लागवड : हलकी, निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन कुर्डूस मानवते. बी काळे, चकचकीत व बारीक असते. म्हणून ते वाळूत मिसळून मृगाच्या पावसानंतर ओळींत पेरावे व वर मातीचा पातळ थर द्यावा. रोपे चार बोटे वाढताच विरळणी करून वीतभर अंतर राखावे. उपटलेली रोपे भाजीस चालतात. रोपे रुजल्यावर पावसाने ताण दिला तरी तग धरतात. पाणी साचू देऊ नये.

उपयोग : फुलण्यापूर्वी कोवळे शेंडे खुडावेत, म्हणजे नव्या फांद्या फुटतात. पाला उकडून, पाणी टाकून देऊन भाजी करावी. पुढे गुलाबी-पांढरे तुरे अंगणास शोभा आणतात.

दक्षता : बी झडल्यास शेतात तण माजते व निंदणीचा खर्च वाढतो. यास्तव बी पिकण्यापूर्वीच तुरे कापावेत. बियाण्यासाठी दोन-चार तुरे राखून त्यांवर पातळ फडके बांधावे. पिकलेले तुरे खताच्या खड्ड्यात कदापि टाकू नयेत. खताबरोबर बी शेतात पोहोचते. ग्रामकार्यकर्त्यांनी ही गोष्ट गृहिणींस आवर्जून समजावून द्यावी.