विश्लेषण : ‘बहुलतावाद’ या शब्दावरून इंडोनेशियात वाद का?

इंडोनेशियाचे राष्ट्रीय ब्रीद आपल्याला ओळखीचे वाटेल : विविधतेत एकता. साधारण ८७ टक्के लोक मुस्लीम असूनही हा देश स्वतःला इस्लामी राष्ट्र म्हणवत नाही. याच देशात जुलै २००५ मध्ये ‘मजलिस उलेमा इंडोनेशिया’ या उलेमांच्या परिषदेने फतवा काढला : मुस्लिमांसाठी बहुलतावाद हराम!

फतव्यात नेमके काय?

फतव्याने दोन शब्द वेगळे केले. एकाच प्रदेशात अनेक धर्मांचे लोक शेजारी राहतात, ही ‘बहुलता’. ती वस्तुस्थिती म्हणून मान्य. सर्व धर्म सारखे, म्हणून प्रत्येक धर्माचे सत्य सापेक्ष, हा ‘बहुलतावाद’. तो अमान्य. हा शब्दांचा कीस वाटेल, पण सगळा वाद इथेच आहे. शेजाऱ्याला सुखाने राहू देणे वेगळे आणि त्याच्या वाटेनेही ईश्वरापर्यंत जाता येते, असे मानणे वेगळे.

नूरचोलिश मजीद काय म्हणत होते?

ही दुसरी गोष्ट उघडपणे मांडणारे सर्वांत मोठे नाव म्हणजे नूरचोलिश मजीद (१९३९-२००५). धार्मिक निवासी शाळेत शिकलेल्या मजीद यांनी १९७० मध्ये, विद्यार्थी नेते असताना, ‘इस्लाम हवा, इस्लामी पक्ष नको’ अशी भूमिका घेऊन खळबळ उडवली. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी फझलुर रहमान यांच्याकडे पीएचडी केली. रहमान हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक; विचारांना झालेल्या तीव्र विरोधामुळे त्यांना १९६८ मध्ये पाकिस्तान सोडावा लागला होता. मजीद यांनी विषय निवडला तो इब्न तैमिया यांचा, म्हणजे कट्टरपंथी ज्यांचे दाखले देतात त्याच मध्ययुगीन पंडिताचा. त्यामुळे ‘यांना परंपरा माहीतच नाही’ असे म्हणायची सोय उरली नाही.

त्यांचा युक्तिवाद असा : ‘इस्लाम’चा मूळ अर्थ ईश्वराला शरण जाणे. असे समर्पण आधीच्या धर्मांतही आढळते. अंतिम सत्य ईश्वराजवळ. माणसाचे आकलन कायम अपुरे. मग इस्लामचे वेगळेपण काय उरले, असा टीकाकारांचा सवाल. तो उडवून लावण्यासारखा नाही. श्रद्धावंताला तो पडणारच. फतव्यानंतर महिन्याभरातच, २९ ऑगस्टला मजीद यांचे निधन झाले.

सामान्य माणसाला काय फरक पडतो?

फतवा म्हणजे कायदा नव्हे. पण त्याच अधिवेशनात अहमदिया पंथ इस्लामबाहेरचा असल्याचा पुनरुच्चार झाला. २००८ मध्ये सरकारने अहमदियांच्या धर्मप्रसारावर बंदी घातली. फेब्रुवारी २०११ मध्ये चिकेउसिक गावात जमावाने तीन अहमदियांना ठार मारले. हे फतव्यामुळेच घडले, असे सरळ म्हणता येणार नाही. मात्र ‘हे आपले नाहीत’ हे आधीच ठरवून झाले होते.

पुढे काय झाले?

‘नहदतुल उलेमा’ या देशातील सर्वांत मोठ्या मुस्लीम संघटनेने २०१९ मध्ये वेगळी वाट काढली. राष्ट्राच्या व्यवहारात बिगरमुस्लिमांना ‘काफिर’ न म्हणता ‘मुवातिन’, म्हणजे नागरिक म्हणावे, असे तिच्या उलेमांनी ठरवले. धर्मग्रंथातील शब्दाला त्यांनी हात लावलेला नाही. आणि मजीद यांनी विचारलेल्या प्रश्नाला, म्हणजे दुसऱ्याची वाटही ईश्वराकडे जाते का, या निर्णयात उत्तर नाही.