संमोहनोपचार : शब्दांचे सामर्थ्य आणि उपचारकाची पारख

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कशेळीच्या खाडीपुलाच्या अलीकडे, बाळकुम लागते. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. गेल्या काही दशकांत त्याच्या भोवती उंच इमारतींची नवी वसाहत उभी राहिली. आणि २०२० साली, महासाथीच्या काळात, ठाणे महानगरपालिकेचे सुमारे एक हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय याच परिसरात उघडले गेले. साथ ओसरली, तरी मनातील धास्ती तिच्याबरोबर ओसरतेच असे नाही. अशा वस्तीत ‘संमोहनाने चिंतामुक्ती’ अशी पाटी एखाद्या जिन्याशी लागली, तर तिच्यापुढे क्षणभर थबकणाऱ्या माणसाच्या मनात दोन प्रश्न येणे स्वाभाविक आहे. हा उपचार खरा की खोटा? आणि खरा असल्यास तो कोणाच्या हातून घ्यावा? या दोन्ही प्रश्नांचा विचार भाषेच्या अंगाने करण्याजोगा आहे. कारण संमोहनात औषध नाही, शस्त्र नाही, उपकरण नाही. जे काही आहे ते बोललेले वाक्य आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘संमोहन’ हा शब्द ‘मुह्’ या धातूपासून झालेला असून त्यात गोंधळणे, भान हरपणे, बुद्धी झाकोळणे हे अर्थ आहेत. मदनाच्या पाच बाणांत एकाचे नाव संमोहन आहे. मराठीतील ‘मोहिनी’, ‘भुरळ’ आणि ‘वशीकरण’ हे शब्द याच वाटेने जाणारे. ‘भूल’ हा शब्द तर विशेष लक्ष देण्यासारखा आहे : भुलवणारा ठक आणि भूल देणारा डॉक्टर हे दोघेही एकाच शब्दाच्या आश्रयाने वावरतात. युरोपीय भाषांतील पर्याय याहून बरा आहे असे नाही. जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने १८४०च्या दशकात निद्रेच्या ग्रीक देवतेवरून जो शब्द रूढ केला, तो पुढे त्याला स्वतःलाच अपुरा वाटू लागला. कारण संमोहित मनुष्य झोपलेला नसतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या संबंधित विभागाने २०१४ साली जी व्याख्या स्वीकारली तीत निद्राही नाही आणि मोहही नाही. एकवटलेले अवधान, भोवतालाच्या जाणिवेत घट आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची वाढलेली क्षमता, एवढेच तीत सांगितले आहे. म्हणजे नावात जे आहे ते वस्तूत नाही. मनुष्य या उपचाराला भितो तो बहुधा नावाला भितो, आणि याच नावाच्या बळावर भोंदू आपले दुकान मांडतो.

या विद्येचा आरंभीचा एक मोठा विचारक गोमंतकीय होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी परिचित नाही. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांचा जन्म बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली झाला. १७७१ मध्ये पित्यासमवेत ते लिस्बनला गेले, रोम येथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे पॅरिस गाठले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात सांगितली जाते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा प्रसंग आला असता तरुण फारिया व्यासपीठावर उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेल्या पित्याने हळूच कोंकणीत म्हटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी.” हे शब्द कानी पडताच त्यांची भीती गेली आणि प्रवचन अस्खलित झाले. आख्यायिकेतील तपशिलाची खात्री कोणी देऊ नये; परंतु फारियांचे पुढील सारे कार्य जणू या एका वाक्यावरील भाष्य आहे.

त्यांच्या काळी या विषयावर मेस्मरच्या मताचा पगडा होता. उपचारकाच्या शरीरातून एक अदृश्य प्राणिज चुंबकीय द्रव रुग्णात शिरतो आणि त्याने व्याधी बरी होते, असे ते मत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळाने (फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे त्याचे सभासद होते) असा द्रव अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, परिणाम दिसतो तो कल्पनाशक्तीचा, असा निर्वाळा दिला. एवढ्यावर प्रकरण मिटले असे विद्वानांना वाटले. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करताना वेगळा प्रश्न विचारला : कल्पनाशक्तीने परिणाम होत असेल, तर ती कार्य कशी करते? ते कोणताही द्रव सोडत नसत. समोरच्यास स्वस्थ बसवून, मन एकवटण्यास सांगून, ते एकच आज्ञा देत : “झोपा!” सामर्थ्य उपचारकात नसून रुग्णाच्याच एकाग्रतेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर एका प्रहसनातून त्यांची टर उडवली गेली. १८१९ साली, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते निवर्तले. ड्यूमाच्या कादंबरीतील बंदिवान फारियाला जगाने लक्षात ठेवले, खऱ्या फारियाला विसरले. पणजी येथे मांडवीकाठी १९४५ साली उभारलेला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला पुतळा मात्र त्यांची आठवण ठेवून आहे.

रुग्णाच्या ठिकाणी सामर्थ्य असते, हा फारियांचा विचार पुढे मोजमापाच्या कसोटीला लावला गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हाइत्सेनहोफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ साली संमोहनक्षमतेची बारा घटकांची मापनश्रेणी सिद्ध केली. एकाच पद्धतीने, एकाच शब्दांत सूचना दिल्या तरी माणसामाणसांत प्रतिसाद फार भिन्न असतो, असे अशा मापनांतून दिसून आले. सुमारे दहा ते पंधरा टक्के लोक अत्यंत प्रतिसादी, जवळजवळ तेवढेच अत्यल्प प्रतिसादी, आणि उरलेले मधले. ही क्षमता व्यक्तीच्या आयुष्यात बरीचशी स्थिर राहते. तेव्हा ‘मी कोणालाही तीन मिनिटांत संमोहित करतो’ असे म्हणणारा गृहस्थ एक तर हे मापन जाणत नाही, किंवा जाणून लपवतो.

चिंतेवरील परिणामाविषयी उपलब्ध असलेला पुरावा आशादायक आहे, पण मर्यादित आहे. २०१९ साली व्हॅलेंटाईन, मिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. उपचाराच्या अखेरीस संमोहन घेतलेल्या सरासरी व्यक्तीची चिंता नियंत्रण-गटातील सुमारे ७९ टक्के व्यक्तींपेक्षा अधिक उतरलेली आढळली. या विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष जाहिरातींत सहसा येत नाही : संमोहन एकटे वापरण्यापेक्षा इतर मानसोपचारांच्या जोडीने वापरले असता ते अधिक उपयोगी ठरते. ‘संमोहनोपचार’ हे स्वतंत्र शास्त्र मानण्याऐवजी प्रशिक्षित मानसोपचारकाच्या हातातील एक साधन मानणे अधिक युक्त होईल. शल्यवैद्याची सुरी चांगली असते. तेवढ्यावरून सुरी बाळगणारा प्रत्येक जण शल्यवैद्य ठरत नाही.

आता त्या वाक्यांकडे वळू. फारियांच्या पित्याने मुलाला “भिऊ नकोस” असे म्हटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘घाबरू नका’ हे निषेधार्थी वाक्य समजण्यासाठी श्रोत्याला आधी घाबरण्याची कल्पना मनात आणावी लागते. ‘भाजी’ म्हटल्यावर मात्र दरबाराच्या जागी रोजच्या स्वयंपाकघरातील चित्र उभे राहते. कुशल उपचारक सूचना शक्यतो होकारार्थी आणि चित्ररूप ठेवतो, ती याच कारणास्तव. मराठीच्या घडणीत अशा सूचनेला अनुकूल अशा काही जागा आहेत. चिंता सांगताना मराठी माणूस स्वतःला बहुधा कर्ता करीत नाही. ‘मला भीती वाटते’, ‘मला धडधडते’ असे म्हणून तो अनुभव घेणारा होतो. त्याच रचनेत ‘तुम्हाला हलके वाटू लागेल’ ही सूचना सहज बसते. ‘डोळे मिटा’ ही आज्ञा आहे. ‘डोळे मिटत असतील तर मिटू द्या’ यातील ‘देणे’ या सहायक क्रियापदाने सत्ता रुग्णाकडे जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांनी आज्ञेऐवजी अनुज्ञेची जी शैली रूढ केली, तिला मराठीत तयार साचा आहे. शिवाय ‘जसजसा... तसतसा’ ही जोडी : ‘जसजसा श्वास संथ होईल, तसतसे खांदे सैल होतील.’ जे घडणारच आहे त्याला जे घडावेसे वाटते ते जोडून देण्याचे काम ही रचना बेमालूमपणे करते.

याउलट, आज ध्वनिमुद्रित मिळणाऱ्या अनेक मराठी सूचना इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेल्या असतात. ‘प्रत्येक श्वासासोबत तुम्ही अधिक आणि अधिक शिथिल होत आहात’ असे वाक्य ऐकणाऱ्याचे अवधान एकवटण्याऐवजी त्याच्या भाषिक कानाला ठेच लागते. ‘शिथिल’ हा शब्द कायद्याच्या किंवा संचारबंदीच्या संदर्भात भेटणारा. अंग मात्र ‘सैल’ पडते. चिंताग्रस्ताची स्वतःची भाषा याहून कितीतरी नेमकी असते. जीव टांगणीला लागतो, जीव खालीवर होतो, पोटात गोळा येतो. आणि सुटका झाली की जीव भांड्यात पडतो. जो उपचारक पहिल्या भेटीत हे शब्द ऐकून घेतो आणि पुढे त्याच शब्दांतून सूचना रचतो, त्याने निम्मे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही. हे भाषिक निरीक्षण आहे, प्रयोगसिद्ध नियम नव्हे; तथापि उपचारक निवडताना ते उपयोगी पडते.

निवडीचा प्रश्न ठाणेकरांच्या बाबतीत थोडा नाजूक आहे, आणि तो नाजूकपणाही भाषेचाच आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. तेव्हापासून ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मराठीत रुजली. जे ठाण्यातच राहतात त्यांच्यावर या थट्टेचा परिणाम असा होतो की मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी जाण्यास पाय कचरतात, आणि ‘संमोहन केंद्र’ ही पाटी अधिक सभ्य वाटते. समजा, बाळकुममधील एखाद्या गृहिणीला दोन महिन्यांपासून धडधड, हातांना कंप, झोपमोड आणि वजनात घट असा त्रास आहे. ही लक्षणे चिंतेची असतील. पण ती कंठस्थ ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, अतिकार्याचीही असू शकतात. संमोहनाच्या पाच बैठकींत तिला तात्पुरते बरे वाटेल आणि मूळ व्याधी तशीच वाढत राहील. म्हणून पहिली पायरी डॉक्टरची व निदानाची. संमोहन त्यानंतर.

दुसरी पायरी उपचारकाची अर्हता तपासण्याची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००३च्या आदेशात अनेक पर्यायी पद्धतींना मान्यता नाकारण्यात आली; मात्र अॅक्युपंक्चर आणि संमोहनोपचार या दोहोंचा वापर उपचाराची रीत म्हणून नोंदणीकृत वैद्यक-व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावा, असे ठरले. येथेही शब्द जपून वाचावयास हवेत : ही रीत आहे, स्वतंत्र वैद्यकपद्धती नव्हे. म्हणून केवळ संमोहनाच्या प्रमाणपत्रावर नावापुढे ‘डॉक्टर’ लावणारा मनुष्य पहिल्याच परीक्षेत नापास होतो. आठवडाभराच्या वर्गाचे चौकटीतील प्रमाणपत्र पाहून दिपून जाऊ नये. त्यापूर्वीचे शिक्षण कोणते, हे विचारावे. मनोविकारतज्ज्ञ असल्यास वैद्यक परिषदेची नोंदणी, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असल्यास १९९२च्या कायद्यान्वये चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, आणि तिचा क्रमांक सांगण्यास खऱ्या तज्ज्ञाला संकोच वाटत नाही. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था कार्यरत आहे; मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे; आणि ऑक्टोबर २०२२ पासून शासनाच्या ‘टेली मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आरंभीचा सल्ला अशा ठिकाणी मिळतो. संमोहन आपल्याला लागू आहे की नाही, हेही तेथे विचारता येते.

तिसरी पायरी संभाषणाची. पहिल्या भेटीत उपचारक अधिक बोलतो की अधिक ऐकतो, हे पाहावे. चालू औषधांची, पूर्वीच्या आजारांची, आत्मघाताच्या विचारांची चौकशी न करता जो थेट खुर्चीत टेकून बसावयास सांगतो, त्याच्याकडून उठून यावे. भ्रम किंवा भास यांसारख्या गंभीर विकारांत संमोहनाचा वापर अपायकारक ठरू शकतो, आणि ते ओळखण्याचे शिक्षण या प्रश्नांतूनच दिसते. चालू गोळ्या बंद करण्यास सांगण्याचा अधिकार फक्त त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरचा. बैठकी किती, शुल्क किती, ध्वनिमुद्रण होणार का, सोबतीला कोणी बाहेर बसू शकेल का, याची उत्तरे आधी मिळावीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे.

एका प्रकाराविषयी मात्र तडजोड करू नये. संमोहनात ‘विसरलेल्या आठवणी’ किंवा ‘पूर्वजन्म’ उकलून चिंतेचे मूळ काढतो, असे सांगणारे बरेच आहेत. संमोहित अवस्थेत आठवणींची संख्या वाढते, पण अचूकता वाढत नाही. खोटी आठवणही खऱ्याइतक्याच खात्रीने सांगितली जाते. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मंडळाने १९८५ सालीच अशा आठवणींच्या विश्वसनीयतेविषयी इशारा दिला होता. ‘लहानपणी घरातल्या कोणी तुला काही केले का?’ हा प्रश्न संमोहनात विचारला की तो प्रश्न राहत नाही, सूचना होते. त्या एका प्रश्नार्थक वाक्याने कुटुंबे मोडू शकतात.

चांगल्या उपचारकाचे एक लक्षण असे की तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत रुग्णाला आत्मसंमोहन शिकवू लागतो. म्हणजे स्वतःची गरज कमी करीत जातो. तेव्हा वाक्ये रुग्णाने स्वतः रचावयाची असतात, आणि ती घरच्या बोलीत असण्यास कोणतीच हरकत नाही. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. बाळकुमच्या एखाद्या वृद्धेने संध्याकाळी ओट्यावर बसून ‘डोले मिटतान, मिटूं दे’ असे काही स्वतःशी म्हटले, तर तिला प्रमाण उच्चार शिकवू पाहणाऱ्या उपचारकापेक्षा तिचे ते वाक्य वहीत तसेच्या तसे उतरवून घेणारा उपचारक तिच्या कामाचा.